सर्व्हर स्क्रिप्टमधील मेमरी लीक

सर्व्हर स्क्रिप्टमधील मेमरी लीक किंवा स्मृतिगळती म्हणजे संकेतस्थळाच्या सर्व्हरवर चालणाऱ्या स्क्रिप्टने कामासाठी घेतलेली मेमरी काम संपल्यावरही मोकळी न होणे. पीएचपी, पायथन, रुबी, पर्ल आणि नोड.जेएसवर चालणारी जावास्क्रिप्ट या भाषांत मेमरीची देवघेव भाषेची यंत्रणाच सांभाळते. त्यामुळे या भाषांत गळती होऊ शकत नाही, असा समज आढळतो. प्रत्यक्षात या भाषांतील बहुतेक गळत्यांमध्ये मेमरी हरवलेली नसते. प्रोग्रामच्या एखाद्या भागाने ती धरून ठेवलेली असते. म्हणून निदान करताना ‘मेमरी कोठे घेतली गेली’ यापेक्षा ‘ती अजून कोणी धरून ठेवली आहे’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

गळती लागलेली स्क्रिप्ट सहसा कोणतीही त्रुटी दाखवत नाही. ती योग्य उत्तरे देत राहते आणि काही तासांनी, दिवसांनी किंवा आठवड्यांनी सर्व्हरची मेमरी संपून सेवा मंदावते वा बंद पडते. कारण आणि परिणाम यांच्यातील या अंतरामुळे हा दोष शोधण्यास अवघड मानला जातो.

स्वरूप

प्रत्येक वेब विनंतीसाठी स्क्रिप्टला काही मेमरी लागते. आलेला मजकूर, डेटाबेसमधून आणलेल्या नोंदी आणि तयार होत असलेले पान हे सर्व तीत ठेवले जाते. सी भाषेत अशी मेमरी प्रोग्रामरने स्वतः मागायची आणि स्वतः परत करायची असते. परत करणे राहून गेले आणि तिचा पत्ताही हाती उरला नाही, तर ती प्रक्रिया संपेपर्यंत वाया जाते. स्क्रिप्टच्या भाषांत हे काम प्रामुख्याने दोन पद्धतींनी होते.

पहिली पद्धत संदर्भगणनाची आहे. प्रत्येक मूल्याकडे किती ठिकाणांहून संदर्भ आहेत याची मोजणी ठेवली जाते आणि ती शून्यावर आली की मूल्याची मेमरी मोकळी होते. पीएचपी, पर्ल आणि पायथनची प्रचलित आवृत्ती सीपायथन यांत ही पद्धत वापरली जाते. दुसरी पद्धत माग काढणाऱ्या कचरा संकलनाची, म्हणजे गार्बेज कलेक्शनची आहे. चालू फंक्शनांतील चले, ग्लोबल चले अशा ‘मुळां’पासून निघून संदर्भांच्या साखळीने जिथवर पोहोचता येते तेवढे राखले जाते आणि उरलेले मोकळे केले जाते. नोड.जेएसमधील व्ही८ इंजिन व रुबी यांत ही पद्धत आहे.

दोन्ही पद्धतींची एक मर्यादा समान आहे. एखाद्या मूल्यापर्यंत पोहोचता येते की नाही, हे यंत्रणेला ठरवता येते. परंतु त्याची पुढे गरज पडणार आहे की नाही, हे ठरवता येत नाही. यावरून गळतीचे दोन प्रकार पडतात :

• पोहोचता न येणारी, तरीही मोकळी न झालेली मेमरी : ही मुख्यतः संदर्भगणनेतील चक्रीय संदर्भांमुळे आणि सी किंवा सी++ मध्ये लिहिलेल्या विस्तारांतील चुकांमुळे उद्भवते.
• पोहोचता येणारी, परंतु निरुपयोगी झालेली मेमरी : ही प्रोग्रामच्या रचनेतून उद्भवते. सर्व्हर स्क्रिप्टमध्ये हाच प्रकार अधिक आढळतो.

गळतीचे प्रमाण लहान दिसत असले, तरी सर्व्हरवर ते विनंत्यांच्या संख्येने गुणले जाते. उदाहरणार्थ, प्रत्येक विनंतीमागे २ किलोबाइट मेमरी अडकत असेल आणि सेकंदाला १० विनंत्या येत असतील, तर दिवसाला सुमारे १.७ गिगाबाइट मेमरी अडकते. ४ गिगाबाइट मेमरी असलेला सर्व्हर या गतीने अडीच दिवसांच्या आत निकामी होतो. विकसकाच्या संगणकावर दिवसभरात पन्नास विनंत्या झाल्या, तर तीच गळती १०० किलोबाइटची असते आणि ती कोणाच्याही लक्षात येत नाही.

पार्श्वभूमी

जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी योजलेल्या कचरा संकलनाचे वर्णन इ.स. १९६० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी जॉर्ज कॉलिन्स यांनी संदर्भगणनाची पद्धत मांडली. दोन मूल्ये एकमेकांकडे निर्देश करत असतील, तर त्यांची मोजणी कधीच शून्यावर येत नाही, ही त्या पद्धतीतील उणीव हॅरॉल्ड मॅकबेथ यांनी इ.स. १९६३ मध्ये दाखवून दिली. पीएचपीसारख्या भाषांना पुढे अनेक वर्षे हीच उणीव भोवली.

वेबच्या प्रारंभीच्या काळात मात्र ती फारशी जाणवली नाही. इ.स. १९९३ मध्ये पुढे आलेल्या सीजीआय या पद्धतीत प्रत्येक विनंतीसाठी नवी प्रक्रिया सुरू होई आणि उत्तर देऊन संपे. प्रक्रिया संपली की कार्यप्रणाली तिची सर्व मेमरी परत घेते. त्यामुळे स्क्रिप्ट कितीही निष्काळजीपणे लिहिलेली असली, तरी गळती पुढच्या विनंतीपर्यंत पोहोचत नसे. पीएचपीने प्रक्रिया टिकवून ठेवली, पण प्रत्येक विनंतीच्या शेवटी स्क्रिप्टची सर्व मूल्ये पुसून टाकण्याची व्यवस्था केली. परिणाम तोच राहिला.

प्रत्येक वेळी नवी सुरुवात करण्यात वेळ जातो. तो वाचवण्यासाठी दीर्घकाळ चालणाऱ्या प्रक्रियांकडे कल वाढला. अपाचे सर्व्हरमध्ये पर्ल कायम जागे ठेवणारे मॉड-पर्ल, पायथनचे अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर आणि इ.स. २००९ मध्ये रायन डाल यांनी सादर केलेले नोड.जेएस ही त्याची उदाहरणे होत. पीएचपीमध्येही रांगेतील कामे उरकणारे कामगार प्रोग्राम आणि स्वूल, रोडरनर यांसारखे कायम चालणारे सर्व्हर आले. लाराव्हेल या फ्रेमवर्कचे ऑक्टेन हे साधन (इ.स. २०२१) याच प्रकारातील आहे. या बदलाने वेग वाढला. परंतु विनंती संपली की सर्व काही पुसले जाईल, या गृहीतकावर लिहिलेला जुना कोड नव्या पद्धतीत गळू लागला.

पीएचपी ५.३ मध्ये (जून २००९) चक्रीय संदर्भ शोधणारा संकलक जोडण्यात आला. तो डेव्हिड बेकन आणि व्ही. टी. राजन यांनी इ.स. २००१ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर आधारित आहे. पायथनमध्ये अशी सोय आवृत्ती २.० पासून (इ.स. २०००) आहे. पर्लमध्ये असा संकलक नाही. तेथे चक्र तोडण्याची जबाबदारी प्रोग्रामरवरच असते.

कारणे

मर्यादा नसलेली साठवण

एकदा काढलेले उत्तर पुन्हा वापरण्यासाठी ते कॅशेमध्ये ठेवले जाते. कॅशेला आकाराची किंवा कालावधीची मर्यादा नसेल, तर ती व्यवहारात गळतीच ठरते. वापरकर्त्याचा क्रमांक, शोधशब्द किंवा संपूर्ण वेबपत्ता यांसारखी अमर्याद वैविध्य असलेली किल्ली वापरल्यास कॅशे अखंड वाढते. पायथनच्या ‘एलआरयू कॅशे’ या सोयीत मूळ मर्यादा १२८ नोंदींची आहे. ती काढून टाकल्यास कॅशे कधीच रिकामी होत नाही. हीच सोय एखाद्या वर्गातील मेथडला लावल्यास कॅशे त्या ऑब्जेक्टलाही धरून ठेवते.

ग्लोबल व स्थिर चले

मॉड्यूलच्या पातळीवरील यादी, वर्गातील स्थिर गुणधर्म आणि एकमेव ऑब्जेक्टचा आकृतिबंध म्हणजे सिंगलटन, हे सर्व प्रक्रियेच्या आयुष्यभर टिकतात. त्यांत प्रत्येक विनंतीची भर पडत गेली, की गळती लागते. नेहमीच्या पीएचपीमध्ये स्थिर गुणधर्म विनंतीबरोबर संपतो. ऑक्टेनसारख्या व्यवस्थेत तो टिकतो. अशा वेळी केवळ मेमरीचाच प्रश्न राहत नाही. एका वापरकर्त्याची माहिती पुढील वापरकर्त्याच्या विनंतीत उरण्याचा धोकाही निर्माण होतो.

इव्हेंट लिसनर व टायमर

एखादी घटना घडल्यावर चालवायचे फंक्शन नोंदवले आणि काम झाल्यावर ती नोंद काढली नाही, तर ते फंक्शन व त्याने धरलेली सर्व मूल्ये टिकून राहतात. नोड.जेएसमध्ये एका घटनेवर १० पेक्षा अधिक लिसनर जोडले गेल्यास संभाव्य गळतीचा इशारा दिला जातो. ही मर्यादा वाढवून इशारा बंद करता येतो. त्याने गळती बंद होत नाही. ठरावीक अंतराने चालणारा आणि कधीच रद्द न केलेला टायमर याच प्रकारात मोडतो.

क्लोजर

आपल्या सभोवतालच्या चलांची आठवण ठेवणाऱ्या फंक्शनाला क्लोजर म्हणतात. व्ही८ इंजिनात एकाच व्याप्तीत तयार झालेले सर्व क्लोजर आपला परिसर वाटून घेतात. त्यामुळे एका क्लोजरने वापरलेले मोठे चल, ते न वापरणाऱ्या दुसऱ्या क्लोजरमुळेही जिवंत राहू शकते. कोड वाचून हा प्रकार सहज लक्षात येत नाही.

चक्रीय संदर्भ

पालक ऑब्जेक्ट अपत्याकडे आणि अपत्य पालकाकडे निर्देश करते, तेव्हा चक्र तयार होते. वृक्षरचना, डेटाबेसच्या नोंदींचे परस्परसंबंध आणि दस्तऐवजांची विश्लेषित रूपे यांत ते स्वाभाविकपणे येते. पीएचपीचा चक्रसंकलक संशयित मूल्यांची संख्या मूळ १०,००० च्या उंबरठ्याला पोहोचल्यावर चालतो. त्यामुळे संख्येने थोडी, पण आकाराने मोठी चक्रे तयार झाली, तर संकलक जागा होण्यापूर्वीच मेमरी संपू शकते. पायथनमध्ये आवृत्ती ३.४ पूर्वी, नष्ट होताना चालणारी विशेष मेथड असलेली ऑब्जेक्ट चक्रात सापडल्यास ती मोकळी होत नसत.

नोंदी ठेवणारी साधने

दोष शोधण्यास मदत करणारी साधनेच अनेकदा मेमरी धरून ठेवतात. पायथनच्या जँगो फ्रेमवर्कमध्ये डीबग स्थिती चालू असेल, तर चालवलेली प्रत्येक एसक्यूएल क्वेरी मेमरीत नोंदवली जाते. वेब विनंती सुरू होताना ही यादी रिकामी केली जाते. मात्र विनंतीविना दीर्घकाळ चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ती साचत जाते.

त्रुटीचे मार्ग

काम यशस्वी झाल्यावर नोंद काढली जाते, पण ते अर्धवट सोडले गेल्यास ती काढायची राहते, हा प्रकार वारंवार आढळतो. जोडणी तुटणे, वेळ संपणे, वापरकर्त्याने पान मध्येच बंद करणे या प्रसंगी चालणारा कोड चाचण्यांत क्वचितच तपासला जातो. अशी गळती एरवी दिसत नाही आणि दुसरी एखादी यंत्रणा बंद पडली की वेगाने वाढते.

गळतीसारख्या दिसणाऱ्या बाबी

मेमरीचा वापर वाढला म्हणजे गळती आहेच, असे नाही. पुढील बाबी वेगळ्या ओळखणे आवश्यक असते :

• तात्पुरता उच्चांक : मोठी फाइल किंवा डेटाबेसच्या सर्व नोंदी एकदम मेमरीत आणल्यास वापर एकाच विनंतीत वाढतो. येथे दोष साठून राहण्याचा नसून एकदम मागण्याचा असतो.
• प्रारंभीची वाढ : कोड भरणे, जोडण्या उघडणे आणि कॅशे भरणे यांमुळे सुरुवातीस वापर वाढतो व नंतर स्थिरावतो.
• विखंडन : मोकळे झालेले तुकडे विखुरलेले असल्यास ते कार्यप्रणालीला परत करता येत नाहीत. अनेक थ्रेड वापरणाऱ्या रुबी सर्व्हरवर लिनक्सच्या जीलिबसी वाटपकाबरोबर हा प्रकार प्रसिद्ध आहे. वाटपकातील विभागांची संख्या मर्यादित करून किंवा जेमॅलॉक हा पर्यायी वाटपक वापरून तो कमी होतो.
• सामायिक पानांची फूट : एका मूळ प्रक्रियेपासून शाखा काढून चालवलेल्या कामगार प्रक्रिया आरंभी मेमरीची पाने वाटून घेतात. संदर्भगणनेत मोजणी बदलली तरी पानावर लिहिले जाते आणि त्याची वेगळी प्रत तयार होते. म्हणून पायथनमध्ये प्रत्येक शाखेचा स्वतंत्र वापर काही काळ वाढत जातो.
• माहितीची गळती : इ.स. २०१४ मध्ये उघडकीस आलेल्या हार्टब्लीड या दोषात सर्व्हरच्या मेमरीतील मजकूर बाहेरच्यांना वाचता येत असे. तो सुरक्षेचा दोष होता; स्मृतिगळतीशी त्याचे केवळ नामसादृश्य आहे.

लक्षणे

गळतीचे ठळक लक्षण म्हणजे करवतीच्या दात्यांसारखा दिसणारा आलेख. वापर हळूहळू चढत जातो, प्रक्रिया पुन्हा सुरू झाली की एकदम खाली येतो आणि पुन्हा चढू लागतो. कचरा संकलन असलेल्या भाषांत निरोगी प्रक्रियेचा आलेखही दातेरी असतो. परंतु प्रत्येक संकलनानंतरचा तळ समान राहतो. गळती असल्यास तळ चढत जातो. म्हणून उच्चांकांऐवजी तळांकडे पाहिले जाते.

मेमरी संपत आली की संकलक वारंवार चालू लागतो आणि प्रोसेसरवरील भार वाढतो. उत्तरे मंदावतात. लिनक्समध्ये शेवटी कर्नल एखादी प्रक्रिया निवडून बंद करतो. बंद पडलेली प्रक्रिया गळणारीच असेल असे नाही; त्याच सर्व्हरवरील डेटाबेसचाही बळी जाऊ शकतो.

पीएचपीमध्ये एका स्क्रिप्टची मेमरी मर्यादा मूळतः १२८ मेगाबाइट असते. ती ओलांडल्यास १३४२१७७२८ बाइटची मर्यादा संपल्याचा प्राणघातक त्रुटीचा संदेश येतो. संदेशात फाइलचे नाव व ओळीचा क्रमांक असतो. मात्र ती ओळ शेवटची मागणी करणारी असते, मेमरी साठवून ठेवणारी असेलच असे नाही. नोड.जेएसमध्ये हीपची मेमरी संपल्याचा संदेश येऊन प्रक्रियाच थांबते. दोन्ही ठिकाणी मर्यादा वाढवता येते. गळती असल्यास त्यामुळे बिघाड फक्त पुढे ढकलला जातो.

नवी आवृत्ती चढवताना सर्व्हर पुन्हा सुरू केला जातो. रोज नवी आवृत्ती चढवणाऱ्या संघाला सावकाश होणारी गळती महिनोन्महिने दिसत नाही आणि सलग सुट्ट्यांत कोणी काही बदललेले नसताना सेवा बंद पडते.

निदान

निदानाचे काम सामान्यतः पुढील क्रमाने केले जाते.

१. खात्री करणे. कार्यप्रणालीच्या दृष्टीने प्रक्रियेने व्यापलेली मेमरी आणि भाषेच्या यंत्रणेच्या दृष्टीने वापरात असलेली मेमरी या दोन्ही ठरावीक अंतराने नोंदवल्या जातात. पीएचपीमध्ये ‘मेमरी गेट युसेज’ आणि उच्चांक सांगणारे ‘मेमरी गेट पीक युसेज’ ही फंक्शने त्यासाठी आहेत. नोड.जेएसमध्ये ‘प्रोसेस’ या ऑब्जेक्टवरील ‘मेमरी युसेज’ हे फंक्शन व्यापलेली एकूण मेमरी, हीप आणि हीपबाहेरील मेमरी वेगवेगळी दाखवते. दोन्ही आकडे बरोबर वाढत असतील, तर दोष स्क्रिप्टमध्ये असण्याची शक्यता अधिक असते. भाषेचा आकडा स्थिर राहून केवळ कार्यप्रणालीचा आकडा वाढत असेल, तर सी भाषेतील विस्तार, हीपबाहेरील बफर किंवा विखंडन यांचा विचार करावा लागतो.

२. गळती पुन्हा घडवणे. चाचणीच्या सर्व्हरवर एकच विनंती हजारो वेळा पाठवून वापर मोजला जातो. सुरुवातीच्या काही शेकडा विनंत्या मोजणीतून वगळतात. मोजणीपूर्वी संकलक मुद्दाम चालवतात, म्हणजे अजून न उचललेला कचरा गळती समजला जात नाही. पीएचपी आणि पायथनमध्ये तशी फंक्शने आहेत, नोड.जेएस विशेष पर्याय देऊन सुरू केल्यास ती सोय मिळते.

३. क्षेत्र लहान करणे. संकेतस्थळाच्या कोणत्या मार्गावर गळती होते, हे प्रत्येक मार्ग वेगळा चालवून पाहिले जाते. गळती कधी सुरू झाली हे ठाऊक असल्यास त्या सुमारास झालेले बदल अर्धे-अर्धे करून तपासले जातात. यशस्वी विनंत्यांबरोबर फसलेल्या, मध्येच तोडलेल्या आणि वेळ संपलेल्या विनंत्याही पाठवून पाहणे आवश्यक असते.

४. धरणारा शोधणे. हा निदानाचा गाभा होय. दोन वेळांना घेतलेल्या मेमरीच्या प्रतिमांची तुलना करून कोणत्या प्रकारची ऑब्जेक्ट वाढली, ते पाहिले जाते. शंभर विनंत्यांनंतर एखाद्या प्रकारची नेमकी शंभर किंवा दोनशे ऑब्जेक्ट अधिक आढळली, तर तो ठोस पुरावा मानला जातो. त्यानंतर त्यांपैकी एका ऑब्जेक्टपासून उलट दिशेने संदर्भांची साखळी मुळापर्यंत शोधली जाते. यादीत सर्वाधिक जागा बहुधा मजकुराच्या तुकड्यांनी किंवा अ‍ॅरेंनी व्यापलेली दिसते. ती माहिती एकटी उपयोगी नसते, कारण दोष त्यांना धरून ठेवणाऱ्या ऑब्जेक्टकडे असतो. म्हणूनच साधने ऑब्जेक्टचा स्वतःचा आकार आणि ते गेल्यास मोकळी होणारी एकूण मेमरी असे दोन आकडे देतात. लहानशा ऑब्जेक्टचा दुसरा आकडा प्रचंड असेल, तर तपास तेथे वळतो.

५. दुरुस्ती पडताळणे. बदल केल्यावर तीच चाचणी तितक्याच विनंत्यांनिशी पुन्हा केली जाते. एका प्रोग्राममध्ये एकाहून अधिक गळत्या असू शकतात. म्हणून आलेखाचा उतार कमी झाला एवढ्यावर न थांबता तळ सपाट झाला आहे का, हे पाहिले जाते.

साधने

नोड.जेएससाठी क्रोम ब्राउझरची विकसक साधने जोडून हीपच्या प्रतिमा घेता येतात व त्यांची तुलना करता येते. पायथनमध्ये आवृत्ती ३.४ पासून ‘ट्रेसमॅलॉक’ हे मॉड्यूल आहे. ते कोणत्या ओळीने घेतलेली मेमरी दोन क्षणांदरम्यान वाढली, ते सांगते. एखाद्या ऑब्जेक्टला कोण धरून आहे, हे ‘जीसी’ मॉड्यूलच्या साहाय्याने विचारता येते. रुबीमध्ये ‘ऑब्जेक्टस्पेस’द्वारे संपूर्ण हीप फाइलमध्ये उतरवता येते. सी भाषेतील विस्तारांच्या तपासासाठी व्हॅलग्राइंड वापरले जाते. त्याने प्रोग्राम बराच मंदावत असल्याने ते चालू सेवेवर वापरत नाहीत.

हीपची प्रतिमा घेताना दोन दक्षता घ्याव्या लागतात. नोड.जेएसमध्ये प्रतिमा घेण्यासाठी हीपच्या सुमारे दुप्पट मेमरी लागते आणि तोवर प्रक्रिया थांबून राहते. त्यामुळे मेमरी संपत आलेल्या सर्व्हरवर प्रतिमा घेण्याचा प्रयत्नच त्याला बंद पाडू शकतो. दुसरे म्हणजे प्रतिमेत त्या क्षणी मेमरीत असलेले सर्व काही येते. त्यात वापरकर्त्यांची वैयक्तिक माहिती, पासवर्ड व सत्रांच्या किल्ल्या असू शकतात. म्हणून ती फाइल डेटाबेसच्या प्रतीइतक्याच काळजीने हाताळली जाते.

उपाय

गळती थांबवण्याचे उपाय कारणानुसार बदलतात. कॅशेला नोंदींची कमाल संख्या किंवा मुदत ठरवून दिली जाते, अथवा ती रेडिससारख्या स्वतंत्र सेवेत ठेवली जाते. लिसनर, टायमर व जोडण्या जेथे उघडल्या तेथेच त्या बंद करण्याची व्यवस्था लिहिली जाते आणि ती त्रुटीच्या मार्गावरही चालेल असे पाहिले जाते. मोठ्या फाइली व नोंदी एकदम न आणता प्रवाहाच्या किंवा जनरेटरच्या पद्धतीने तुकड्यातुकड्यांनी वाचल्या जातात.

केवळ माहितीसाठी ठेवलेल्या संदर्भामुळे ऑब्जेक्ट जिवंत राहू नये, यासाठी दुर्बल संदर्भ वापरतात. दुर्बल संदर्भ मोजणीत धरला जात नाही. पायथन आणि पर्लमध्ये ही सोय जुनी आहे. पीएचपीत ‘वीक रेफरन्स’ आवृत्ती ७.४ मध्ये (इ.स. २०१९) आणि ‘वीक मॅप’ आवृत्ती ८.० मध्ये (इ.स. २०२०) आले. जावास्क्रिप्टमध्ये ‘वीक मॅप’ इ.स. २०१५ च्या मानकापासून उपलब्ध आहे.

ठरावीक विनंत्यांनंतर प्रक्रिया बदलणे

कारण सापडेपर्यंत सेवा चालू ठेवण्यासाठी ठरावीक विनंत्या झाल्या की कामगार प्रक्रिया बंद करून नवी सुरू केली जाते. अपाचे, पीएचपी-एफपीएम आणि पायथनचा गनिकॉर्न या सर्व्हरमध्ये त्यासाठी मर्यादा ठरवता येते. पीएचपी-एफपीएम व गनिकॉर्नमध्ये ती मूळतः शून्य, म्हणजे अमर्याद असते. लाराव्हेल ऑक्टेनमध्ये ती मूळतः ५०० विनंत्यांची आहे. सर्व कामगार एकाच वेळी बदलले जाऊ नयेत म्हणून गनिकॉर्नमध्ये प्रत्येकाच्या मर्यादेत थोडा यादृच्छिक फरक ठेवण्याचीही सोय आहे.

हा उपाय सर्वत्र वापरला जातो आणि बाहेरच्या ग्रंथालयांतील, स्वतःला दुरुस्त न करता येणाऱ्या गळत्यांसाठी तो व्यवहार्यही आहे. मात्र त्याने लक्षण दबते, कारण राहते. विनंत्यांची संख्या वाढली, विनंतीमागील गळती वाढली किंवा एखाद्या नव्या मार्गावर ती होऊ लागली, तर आधी पुरेशी वाटलेली मर्यादा अपुरी पडते.

प्रतिबंध

महत्त्वाच्या मार्गांवर हजारो विनंत्या पाठवून मेमरीचा तळ तपासणारी स्वयंचलित चाचणी ठेवल्यास गळती नव्या आवृत्तीबरोबर सर्व्हरवर जाण्याआधी सापडू शकते. प्रत्यक्ष सेवेत केवळ कमाल मर्यादेवर इशारा न ठेवता, काही तासांतील वाढीच्या दरावरही तो ठेवला जातो. दीर्घकाळ चालणाऱ्या कोडचे परीक्षण करताना प्रत्येक टिकाऊ यादीबाबत ‘यातून नोंद कधी व कोण काढते’ हा प्रश्न विचारण्याची पद्धत आहे.

उल्लेखनीय घटना

लंडन रुग्णवाहिका सेवा, इ.स. १९९२

वेब स्क्रिप्टच्या काळाआधीची, परंतु सर्व्हरवरील गळतीचे परिणाम दाखवणारी ही घटना आहे. लंडन रुग्णवाहिका सेवेने संगणकाद्वारे रुग्णवाहिका पाठवण्याची नवी यंत्रणा २६ ऑक्टोबर १९९२ रोजी पूर्णपणे लागू केली. ती लगेचच कोलमडली आणि सेवा अर्ध्या हातकामावर आली. त्यानंतर ४ नोव्हेंबरच्या पहाटे यंत्रणा प्रथम मंदावली आणि मग पूर्णपणे अडकली. रुग्णवाहिका पाठवण्याच्या प्रत्येक नोंदीबरोबर फाइल सर्व्हरची थोडी मेमरी घेऊन ती परत न करणारा कोडचा एक लहान भाग सुमारे तीन आठवड्यांपूर्वीच्या बदलात राहून गेला होता, असे चौकशीत आढळले. पर्यायी सर्व्हरकडे जाण्याची व्यवस्थाही त्या वेळी उपयोगी पडली नाही आणि काम पूर्णपणे कागदावर न्यावे लागले. नेहमीच्या चाचण्यांत हा दोष सापडण्याची शक्यता कमी होती, असे चौकशी अहवालात नमूद आहे. त्याच अहवालात कोडमधील बदलांच्या गुणवत्ता तपासणीच्या अभावावर टीका करण्यात आली.

अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेस, इ.स. २०१२

२२ ऑक्टोबर २०१२ रोजी अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया येथील अ‍ॅमेझॉनच्या साठवण सेवेत बिघाड होऊन अनेक संकेतस्थळे विस्कळीत झाली. कंपनीने प्रसिद्ध केलेल्या निवेदनानुसार, माहिती गोळा करणारा एक सर्व्हर बिघडल्याने बदलण्यात आला. पण नव्या सर्व्हरचा पत्ता सर्व अंतर्गत डीएनएस सर्व्हरपर्यंत पोहोचला नाही. काही साठवण सर्व्हरवरील माहिती पाठवणारा प्रोग्राम जुन्या पत्त्यावर जोडणीचा प्रयत्न करत राहिला. जोडणी न झाल्यास चालणाऱ्या त्या मार्गात सुप्त गळती होती आणि तिने हळूहळू सर्व्हरची मेमरी संपवली. या सर्व्हरचा मेमरीवापर मुळातच सतत बदलता असल्याने एकूण वापरावर लावलेल्या देखरेखीतून ही वाढ वेळीच ओळखता आली नाही. नेहमीच्या कामात निर्दोष ठरलेला कोड दुसऱ्या यंत्रणेच्या बिघाडात गळू लागतो, याचे हे उदाहरण मानले जाते.

हेही पहा

• कचरा संकलन
• संदर्भगणन
• पीएचपी
• नोड.जेएस
• हार्टब्लीड